फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ आणि घरचा पडदा

कै. दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ हा मूकपट १९१९ सालीं प्रथम लोकांपुढें आला. गेल्या श्रावणांत तो आम्हीं धायरी येथील आमच्या राहत्या घरीं, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सहकुटुंब पाहिला. पाहणारीं माणसें पांच : आमच्या मातोश्री, पत्नी, कन्या, जन्माष्टमीच्या सुटीस आलेला धाकट्या बंधूंचा बारा वर्षांचा मुलगा, आणि आम्ही. चित्रपटाची प्रत आंतरजालावर ज्या अनेक प्रती फिरत असतात त्यांपैकींच एक होती. ती कोणीं, कोठून व कोणत्या फितीवरून काढली याचा तिच्यावर कोठेंही उल्लेख नव्हता. त्या रात्रीं जें घडलें तें घरगुती स्वरूपाचें असल्यामुळें मासिकांतून सांगावें कीं नाहीं, याचा आम्हीं कांहीं दिवस विचार केला. परंतु जुना चित्रपट दुरुस्त करून तो घरोघर पोंचविणें म्हणजे नेमकें काय करणें, हा प्रश्न त्या रात्रीं आमच्यापुढें जितक्या ढळढळीतपणें उभा राहिला तितका तो कोणत्याही व्याख्यानांतून राहिला नव्हता. म्हणून संकोच सोडून लिहीत आहों.

चित्रपट सुरू होऊन पांच मिनिटेंही झालीं नसतील तोंच मुलगा हंसूं लागला. गोकुळांतील माणसें पडद्यावर चालत नव्हतीं, तुरुतुरु पळत होतीं. यशोदा वळे ती खटका दाबल्यासारखी. गवळणी हातवारे करीत त्या कळसूत्री बाहुल्यांसारखे. “काका, हे सगळे एवढे घाईंत कां आहेत?” या त्याच्या प्रश्नास आम्हीं पंतोजीच्या थाटांत उत्तर दिलें कीं, बाळ, त्या काळची कला बाल्यावस्थेंत होती. उत्तर देऊन आम्ही स्वस्थ बसलों. परंतु मातोश्रींचें समाधान झालें नाहीं. त्या म्हणाल्या, “अरे, जरा हळू लाव ना. माणसें अशीं चालतात होय?” कन्येनें यंत्रावरील गतीचें चिन्ह चाळून वेग पाऊणपट केला, आणि दोन क्षणांत घरांतील हंसें थांबलें. गोकुळांतील माणसें माणसांसारखीं चालूं लागलीं. यशोदेच्या चेहऱ्यावर राग येण्याच्या आधीं जो एक क्षणभर अविश्वास उमटतो तो प्रथमच दिसला. आम्ही ज्यास कलेचें बाल्य म्हणून नुकतेंच दाखवून दिलें होतें, तें कलेचें बाल्य नव्हतेंच. तें आमच्या यंत्राचें वांकडेंपण होतें. मातोश्रींनीं जें एका वाक्यांत ओळखलें तें आम्हांस इतकीं वर्षें चित्रपटावरील पुस्तकें वाचून ओळखतां आलें नाहीं, हें येथें कबूल करणें भाग आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं कागद घेऊन हिशेब मांडला. पस्तीस मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें बसतात. मूकपटाच्या काळीं छायाचित्रण हातानें दांडा फिरवून होई. दांड्याच्या एका फेऱ्यांत आठ चित्रें, व सेकंदास दोन फेरे हा सामान्य प्रघात. म्हणजे सेकंदास सोळा चित्रें, अथवा सेकंदास एक फूट. पुढें बोलपट आले तेव्हां आवाज नीट वठावा म्हणून सेकंदास चोवीस चित्रें ही गति ठरून गेली, आणि जुन्या फिती त्याच गतीनें पळविल्या जाऊं लागल्या. ‘कालियामर्दन’ मूळ सुमारें ६००० फूट लांबीचा होता. त्यांतील ४४४१ फूट आज उपलब्ध असल्याची नोंद आहे. ही फीत सोळाच्या गतीनें चालविली तर चौऱ्याहत्तर मिनिटें पुरते. चोवीसच्या गतीनें चालविली तर एकोणपन्नास मिनिटांत संपते. आमच्यापुढें जी प्रत आली ती पन्नास मिनिटांच्या आंतलीच होती. म्हणजे जवळजवळ पंचवीस मिनिटांचा अभिनय कोणींही कात्री न लावतां नाहींसा झाला होता. फीत सगळी तेथेंच आहे, तिच्यांतील काळ मात्र चोरीस गेला आहे. कन्येनें पाऊणपट वेग केला तेव्हां ती गति सेकंदास अठरा चित्रांची झाली. तीही अगदीं बरोबर म्हणतां येणार नाहीं, परंतु सत्याच्या पुष्कळच जवळ गेली. खरें पाहतां सबंध चित्रपटास एकच गति लावणें हेंही चूक. कारण दांडा फिरविणारा हात माणसाचा, व तो धांवपळीच्या प्रसंगीं एका चालीनें, करुण प्रसंगीं दुसऱ्या चालीनें फिरलेला असावयाचा. प्रत्येक प्रसंगाची गति डोळ्यानें पाहून, चालणाऱ्या माणसाच्या पावलावरून व पडणाऱ्या पाण्याच्या धारेवरून ठरवावी लागते. हें काम यंत्राचें नव्हे, रसिकतेचें आहे. आणि तें करावयास पैसा फारसा लागत नाहीं. वेळ व लक्ष लागतें.

दुसरी विकृति याहून ढोबळ होती, व ती आमच्याच घरची. मूकपटाची चौकट चारास तीन या प्रमाणाची असते. हल्लींचे पडदे सोळास नऊ या प्रमाणाचे. आमच्या यंत्रानें कोणास न विचारतां चित्र पडदाभर ताणलें होतें; त्यामुळें बाळकृष्ण एक-तृतीयांशानें रुंद झाला होता. मुलास तो तसाच आवडला, ही गोष्ट निराळी. याशिवाय एक सूक्ष्म दोष असा कीं, मूकपट जेव्हां पुढें बोलपटाच्या मापाच्या फितीवर उतरला जातो तेव्हां डाव्या अंगाची, जेथें ध्वनीची पट्टी असावयाची, तेवढी चित्राची किनार बहुधा कापली जाते. मग उजवीकडे भरपूर जागा असतां डावीकडचें माणूस अर्धेंच दिसतें, आणि पाहणारा म्हणतो कीं, या मनुष्यास चौकट साधत नव्हती. जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेल्या, छायाचित्रण, शिळाछाप व जादूचे प्रयोग या सगळ्यांत हात घातलेल्या कारागिरावर असा आरोप यावा, यापरतें दुर्दैव कोणतें!

आतां चित्रपटाविषयीं. योग्य गतीनें पाहिल्यावर आमचें जें मत झालें तें थोडक्यांत असें कीं, ‘कालियामर्दन’ हा उत्तरार्धांत श्रेष्ठ व पूर्वार्धांत रमणीय चित्रपट आहे. पूर्वार्ध म्हणजे कृष्णाच्या खोड्यांची माळ : लोण्याची चोरी, शेजारणींचीं गाऱ्हाणीं, रात्रीं घरांत शिरून झोंपलेल्या नवराबायकोचे दाढी व केस एकमेकांस बांधून ठेवणें, इत्यादि. या माळेंतील मणी एकमेकांवर आपटतात, परंतु त्यांतून सूत्र ओवलेलें नाहीं. दोन खोड्यांची अदलाबदल केली तरी कथेचें कांहीं बिघडणार नाहीं. तथापि यांतील गोकुळ हें नाटकांतलें नाहीं. फाळके यांच्या वेळीं संगीत नाटक ऐन वैभवांत होतें. मखमली पडदे, भरजरी शालू आणि पदाची तान हाच पौराणिक कथेचा वेष असें प्रेक्षक धरून चालत. येथें गोकुळ म्हणजे खरें अंगण आणि उन्हांत डोळे बारीक करून पाहणारीं साधीं माणसें. पुराण हें आपल्याच आळींत घडलें असावें अशी जी भावना आपल्याकडे पोथी ऐकतांना बायकापोरांना होते, तीच येथें आहे. ‘लंकादहन’ पडद्यावर येतांच प्रेक्षक रामास हात जोडीत असें सांगतात, त्याचें कारण भोळेपणांत जितकें आहे तितकेंच या परिचितपणांतही आहे.

उत्तरार्धांत कृष्ण डोहांत उडी घेतो, आणि येथून फाळके निराळेच होतात. खालीं पाण्यांत सर्पाशीं झुंज चालली आहे. वर कांठावर गोकुळ जमलें आहे. कॅमेरा एकदां खालीं, एकदां वर. जे खालीं चाललें आहे तें आपणांस दिसतें, कांठावरच्या माणसांस दिसत नाहीं. आणि म्हणूनच त्यांचा शोक आपणांस एकाच वेळीं निष्कारण वाटतो व असह्यही होतो. हा रस नुसत्या शब्दांनीं साधणें कठीण. हरिदास एक प्रसंग सांगून मग दुसऱ्याकडे वळतो. येथें दोन्ही एकाच श्वासांत चालतात. सर्प कागदाचा व कापडाचा आहे हें कोणाही डोळस माणसास कळतें. आमच्या पुतण्यानें तें पहिल्या क्षणींच जाहीर केलें. परंतु कांठावरच्या यशोदेचा ऊर कागदाचा नाहीं, आणि तिच्यामुळें सर्पही खरा होतो. जेव्हां कृष्ण फणेवर उभा राहून वर येतो तेव्हां आमच्या मातोश्रींनीं हात जोडले. हें आम्ही कौतुकानें लिहीत नाहीं, पुरावा म्हणून लिहीत आहों : एक शतकापूर्वींच्या कारागिरीचा धागा अजून तुटलेला नाहीं.

परंतु सगळ्यांत विलक्षण तो आरंभ. कृष्णाचें काम फाळके यांची कन्या मंदाकिनी हिनें केलें आहे, आणि चित्रपट सुरू होतो तो कृष्णानें नव्हे, तर या मुलीनेंच. सात वर्षांच्या मुलीच्या मुद्राभिनयाची ही ओळख आहे असें आरंभीं पाटीवर सांगून बापानें तिला कॅमेऱ्यापुढें बसविलें आहे. ती हंसते, रुसते, रागावते, आश्चर्य करते. आणि मग पाहतां पाहतां त्या चेहऱ्यावर मोरपिसांचा मुकुट येतो व आपल्यापुढें कृष्ण असतो. सोंग कसें घेतलें जातें तें आधीं दाखवून मग त्या सोंगापुढें लोकांस हात जोडावयास लावणारा हा बाप श्रद्धाळू म्हणावा कीं जादूगार? आमच्या मतें दोन्ही. आणि ज्यास हे दोन शब्द विरोधी वाटत असतील त्यानें दशावतारी खेळांत मारुतीचा मुखवटा चढविण्यापूर्वीं त्याला नमस्कार करणारा नट पाहावा. चेहऱ्याचा हा आरंभींचा भाग चोवीसच्या गतीनें पाहिला तर नुसता वेडावणारा वाटतो. हंसूं कोठें संपलें व रुसवा कोठें सुरू झाला हें कळावयास जो अवकाश लागतो तोच मिळत नाहीं. म्हणजे चुकीच्या गतीनें ज्याचें सर्वांत अधिक नुकसान होतें तें या चित्रपटाचें मर्मस्थान आहे.

एवढें झाल्यावर ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा विचार करणें प्राप्त होतें. हा शब्द आपल्याकडे देवळांवरून आला आहे, आणि देवळांच्या बाबतींत त्याचा अर्थ काय होतो हें आपण रोज पाहतों : काळ्या दगडावर तैलरंग, व गाभाऱ्यांत चिनीमातीच्या फरशा. चित्रपटांच्या बाबतींतही तसें होऊं लागलें आहे. जुना चित्रपट संगणकास घालावा, त्यानें दोन चित्रांच्या मध्यें स्वतः कल्पिलेलीं चित्रें भरून हालचाल गुळगुळीत करावी, चेहऱ्यावरचे कण पुसून ते घोटून काढावेत, वर रंग चढवावा, आणि ‘पुनरुज्जीवित’ म्हणून सोडून द्यावा, असा उद्योग आज घरबसल्या कोणासही करतां येतो. हें पाहून आनंदणारे लोक आमच्या ओळखींत पुष्कळ आहेत व ते मूर्ख नाहींत. त्यांचें म्हणणें असें कीं, तरुण मुलें एरव्हीं हा चित्रपट पाहणारच नाहींत. रंग चढविल्यानें ती पाहत असतील तर बिघडलें कोठें? या म्हणण्यास आमच्या घरांतच उत्तर मिळालें. मुलगा हंसत होता तो चित्र काळेंपांढरें होतें म्हणून नव्हे. गति चुकीची होती म्हणून. गति सुधारतांच तो गप्प बसून पाहूं लागला, आणि रंगाविषयीं त्यानें शेवटपर्यंत एक शब्दही काढला नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. ओरखडे, धूळ, बुरशीचे डाग, चित्राची थरथर हीं फाळके यांचीं नव्हेत. तीं काळाचीं व हयगयीचीं आहेत. तीं काढून टाकण्यास आमची मुळींच हरकत नाहीं. उलट जुन्या फितीच्या डागांतच कांहीं काव्य आहे असें मानणारे जे थोडे शौकीन असतात त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. १९१९ सालच्या प्रेक्षकापुढें नवी कोरी, झळझळीत प्रत होती. तीच आपल्यापुढें यावी. परंतु दोन चित्रांच्या मधलें जें तिसरें चित्र फाळके यांच्या कॅमेऱ्यानें कधीं घेतलेंच नाहीं, तें घालणें म्हणजे सफाई नव्हे, भर घालणें आहे. आणि भर घालावयाची तर ती कोणाची हें सांगून घालावी.

हा नियम आम्हीं नवा शोधला नाहीं. तो आपल्या पुण्यांतच, लॉ कॉलेज रस्त्यावर, एका मोठ्या कामांत पाळला गेलेला आहे. ज्या १९१९ सालीं ‘कालियामर्दन’ निघाला त्याच सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखटणकर यांनीं त्याची धुरा वाहिली. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें तपासलीं गेलीं. आणि १९६६ सालीं भारताचें काम पुरें होऊन पुढें हरिवंशही, ज्यांत कालियाची ही कथा आली आहे, त्याच पद्धतीनें संपादिला गेला. या आवृत्तीचें पान उघडून पाहावें. वर जो पाठ छापला आहे त्यांत जेथें संपादकांस खात्री नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ आहे. खालीं इतर हस्तलिखितांचे पाठभेद आहेत. जे श्लोक मागाहून घुसले असें ठरलें ते फेंकून दिलेले नाहींत. ते निराळे काढून, ते कोणत्या पोथ्यांत आढळतात हें सांगून, दिलेले आहेत. अज्ञान लपविलेलें नाहीं व ज्ञान मिरविलेलें नाहीं. त्याच रस्त्यावर, भांडारकर मंदिरापासून जवळच, १९६४ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे; श्री. पी. के. नायर यांनीं फाळके यांच्या वंशजांकडून व इतर ठिकठिकाणांहून जमविलेल्या फिती तेथें आल्या म्हणूनच आज आपण या विषयावर लिहूं शकतों. एका रस्त्यावरच्या या दोन संस्था. एकीनें ग्रंथांसाठीं जी शिस्त घालून दिली, ती दुसरीकडच्या फितींसाठीं कां लागूं पडूं नये?

ती लागूं पडण्याची गरज किती आहे हें ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यास कळेल. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कोरोनेशनमध्यें लागलेला तो ३७०० फुटांचा चित्रपट. आज त्याचे म्हणून जे तुकडे दाखविले जातात त्यांची लांबी १४७५ फूट. परंतु हे तुकडे १९१३ सालचे कीं फाळके यांनीं तीच कथा पुन्हां घेऊन काढलेल्या व १९१७ सालीं पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहांत लागलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’चे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि कित्येक जाणते लोक ते १९१७ चेच मानतात. असें असतां घरोघर जी प्रत पाहिली जाते तिच्यावर बेधडक ‘भारताचा पहिला चित्रपट, १९१३’ असें छापलेलें असतें. नागमोडी रेघेची जागा ही होती! सांगितलें तर रसभंग होईल अशी भीति वाटते काय? आम्हांस तर उलट वाटतें. एक कारागीर तीच कथा चार वर्षांनीं पुन्हां चित्रित करतो, व काळ त्या दोहोंची सरमिसळ करून टाकतो, ही गोष्ट घरांतल्या मुलासही ऐकावीशी वाटेल.

आणि जें उरलें आहे तें किती थोडें! आपल्या देशांत तेराशेंहून अधिक मूकपट निघाले; त्यांतील पूर्ण वा अर्धेमुर्धे मिळून तीसही शिल्लक नाहींत. बाबुराव पेंटर यांची ‘सैरंध्री’ गेली; त्यांचा मूक ‘सावकारी पाश’ गेला, ज्यावरून खेड्यांतील कर्जबाजारी शेतकरी पडद्यावर कसा आला हें आपण प्रत्यक्ष पाहिलें असतें. ‘लंकादहना’चा शेंपटीएवढाच तुकडा उरला. जुन्या फिती ज्या नायट्रेटच्या द्रव्याच्या असत तें द्रव्य बंदुकीच्या दारूचें चुलत भावंड. तें स्वतःहून कुजतें, व पेटलें म्हणजे पाण्यानेंही विझत नाहीं. २००३ सालच्या जानेवारींत पुण्यांतच, प्रभातच्या जुन्या आवारांत, अशा फितींच्या कोठारास आग लागली व शेंकडों चित्रपटांच्या मूळ फिती राख झाल्या. तेव्हां मूळ फितीशीं आपला जो संबंध उरला आहे तो बहुतेक प्रतींच्या द्वारांच. प्रत हाच आतां आपला ग्रंथ आहे; तिच्याशीं खेळणें म्हणजे ग्रंथाशीं खेळणें.

घरगुती प्रत ही विद्वानांच्या दृष्टीनें क्षुल्लक वस्तु, असें कोणास वाटेल. त्यांस एक गोष्ट सांगतों. फ्रान्समध्यें आबेल गान्स यानें १९२७ सालीं ‘नेपोलियन’ हा प्रचंड मूकपट काढला. पुढें त्याच्या चिंध्या झाल्या. १९५४ सालीं लंडनमधील केव्हिन ब्राउनलो नांवाच्या एका शाळकरी मुलास घरीं दाखविण्याकरितां काढलेल्या साडेनऊ मिलिमीटरच्या छोट्या फितीवर त्याचे दोन तुकडे मिळाले. ते घरच्या भिंतीवर पाहून तो थक्क झाला, व उरलेला चित्रपट शोधण्यांत त्यानें आयुष्य वेंचलें. त्यानें जोडून आणलेला साडेपांच तासांचा ‘नेपोलियन’ २०१६ सालीं पुन्हां घरोघर पाहण्याच्या तबकड्यांवर निघाला. भिंतीवरून निघालेला चित्रपट भिंतीवरच परत आला. आपल्या महाभारतांतील द्यूताच्या कथेवर हिमांशु राय व फ्रान्झ ऑस्टेन यांनीं १९२९ सालीं काढलेला ‘प्रपंच पाश’ही २००६ सालीं ब्रिटिश संस्थेनें दुरुस्त करून, नितीन साहनी यांचें नवें संगीत जोडून, याच रीतीनें घरांत आणला. चित्रें त्यांतलीं निर्मळ आहेत. संगीताविषयीं मात्र आमची थोडी तक्रार आहे : तें इतकें भारदस्त व इतकें अखंड आहे कीं पडद्यावरच्या मौनास श्वास घेण्यास जागा उरत नाहीं.

संगीताचा प्रश्न खरोखरच नाजूक आहे. आमच्या प्रतीवर कोणीतरी सतारीची एक ध्वनिमुद्रिका आरंभापासून अखेरपर्यंत चिकटविली होती. लोणी चोरतांना जो राग तोच यशोदेला मूर्च्छा येतांना. मातोश्रींच्या सांगण्यावरूनच आम्हीं आवाज बंद केला. मग कन्या पाट्या मोठ्यानें वाचून मराठींत सांगूं लागली, आणि मातोश्री मध्यें मध्यें आपल्या पदरची भर घालूं लागल्या. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ त्यांनीं चातुर्मासांत अनेक वेळां ऐकलेला; त्यामुळें पाटी यावयाच्या आधींच पुढें काय होणार तें त्या सांगत. त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें कीं मूकपटाच्या काळीं चित्रपटगृहांत असेंच चाले : पडद्यापाशीं बाजाची पेटी व तबला, आणि वाचतां न येणाऱ्यांसाठीं पाट्या वाचून कथा सांगणारा माणूस. मूकपट कधींही मुका नव्हता. त्याचें बोलणें प्रत्येक गांवीं निराळें होतें, इतकेंच. म्हणून आमची सूचना अशी कीं, घरगुती प्रतींत संगीत द्यावें, परंतु तें बंद करतां यावें. पेटी-तबल्यावरचें साधें वाजविणें एक, व नव्या संगीतकाराचें एक, असे दोन पर्याय असावेत. आणि तिसरा पर्याय शांततेचा, ज्यांत घरांतील आजीनें बोलावें.

पाट्यांविषयीं एकच : जुन्या पाट्या खराब झाल्या म्हणून संगणकाच्या गुळगुळीत अक्षरांत नव्या लिहूं नयेत. हातानें रेखलेलीं तीं अक्षरें हाही चित्रपटच आहे. मराठी अर्थ हवा तर खालीं निराळा द्यावा.

सरकारनें २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट वारसा योजनेखालीं ३६३ कोटि रुपये खर्चून सुमारें २२०० चित्रपटांचा जीर्णोद्धार करण्याचा संकल्प जाहीर केला. त्याच वर्षीं संग्रहालय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आलें. आंकडा मोठा आहे, व मोठ्या आंकड्यांची आम्हांस थोडी धास्ती वाटते. २२०० चित्रपट झपाट्यानें स्वच्छ करणें आणि ४४४१ फुटांपैकीं प्रत्येक प्रसंगाची गति डोळ्यांत तेल घालून ठरविणें, हीं दोन निरनिराळ्या स्वभावांचीं कामें आहेत. पहिल्यास यंत्रें व निविदा लागतात. दुसऱ्यास दोनतीन माणसें, एक अंधारी खोली व एक वर्ष. आमचें मागणें एवढेंच आहे कीं, बोलपट व रंगीतपट यांच्या लाटेंत फाळके यांचे हे चार-पांच अवशेष ‘आधींच झालेले’ म्हणून बाजूस पडूं नयेत. त्यांची एक तबकडी अथवा एक अधिकृत प्रत घरोघर पोंचेल अशा किंमतींत निघावी. तिच्यावर प्रत्येक तुकडा कोणत्या फितीवरून घेतला, किती फूट मूळचे, किती गेले, गति काय धरली व कां, हें दोन पानांत मराठींत लिहिलेलें असावें. फाळके यांनीं १९१७-१८ च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकांत स्वतःच्या धंद्याची हकीकत मराठींतच लिहिली होती. त्यांच्या चित्रपटांची ओळख तरी मराठी माणसास मराठींत कां मिळूं नये?

आणि घर हें स्थळ या चित्रपटांना परकें नाहीं, हेंही विसरतां येत नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’ची फीत दादरच्या राहत्या घरांत तयार झाली. कोऱ्या फितीच्या कडांना भोंकें पाडणें, अंधारांत ती धुणें, हीं कामें सरस्वतीबाई फाळके यांनीं रात्रीं, दिवसभर मंडळीचा स्वयंपाक उरकल्यावर केलीं. पुढें नाशिकास कारखाना झाला तरी ‘कालियामर्दना’चा नायक घरांतलाच मिळाला. जें घरांत निपजलें तें घरांत पाहतांना ताणून, पळवून, रंगवून पाहावें लागावें, हें आम्हांस सलतें.

आमची ती रात्र संपली तेव्हां साडेदहा होऊन गेले होते. ज्या चित्रपटास पन्नास मिनिटेंही लागावयाचीं नव्हतीं त्यास आम्हांस सव्वा तास लागला, कारण मध्यें मातोश्रींचें सांगणें. चित्रपट संपल्यावर मुलानें विचारलें कीं, सगळा एवढाच होता का? आम्हीं सांगितलें कीं नाहीं. ६००० फुटांतले १५५९ फूट नाहींत, म्हणजे नीट गतीनें सव्वीस मिनिटें. त्या सव्वीस मिनिटांत काय होतें, असें त्यानें पुन्हां विचारलें. आम्ही उत्तर जुळवीत होतों तोंच मातोश्री त्याला जवळ घेऊन सांगूं लागल्या. त्यांनीं सांगितलें तें फाळके यांच्या चित्रपटांत होतेंच असें मुळींच नाहीं. तें ‘हरिविजया’ंतलें होतें, आणि कांहीं तर त्यांच्या माहेरच्या कीर्तनांतलें. परंतु सुरुवात करतांना त्या म्हणाल्या, “आतां हें मी सांगतें आहे हं, सिनेमांतलें नाहीं.”